एक आत, एक बाहेर

सैन्याने छापील यादी दिली होती. चांगली पानभर, मला चष्म्याशिवाय वाचता येईल अशा ठळक अक्षरात. परदेशी मोहिमेवर जाणाऱ्या सैनिकाने स्वतःचं म्हणून काय काय आणायचं ते सगळं. यादी वाचायची, तेवढं भरायचं, चेन ओढायची, संपलं. पण आमच्या घरात शिकलेली माणसं राहतात. शिकलेल्या माणसाच्या हातात छापील यादी दिली की त्याला वाटतं, ही आपली इतरांसाठी आहे.

सैन्यात आहे ती माझी नात. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण रांगायच्या वयात ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची. एकदा दुपारी मी आरामखुर्चीत डोळा लागून पडले होते, जागी झाले ती बाल्कनीत. खुर्चीसकट. खोटं वाटत असेल तर खुर्चीला विचारा, ती अजून आहे.

तर ही मुंगी आता वायरलेस सांभाळते. तिच्या तुकडीला परदेशात जायचा हुकूम आला आणि तिचं नाव पक्क्या यादीत लागलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. मागच्या खेपेला ती राखीव होती. राखीव म्हणजे कसं, तर सगळ्यांबरोबर बॅग भरून जायचं, एका बाजूला उभं राहायचं, आणि कुणाचं काही चुकलं, कुणाला ताप आला, तर त्याच्या जागी गाडीत चढायचं. त्या वेळी कुणाचं काही चुकलं नाही. पोरगी भरलेली बॅग घेऊन बसने घरी आली. मला म्हणाली, "आजी, कंडक्टर म्हणाला, सुट्टीवर आलात वाटतं. मी हो म्हटलं." आणि आत जाऊन बॅग रिकामी करत बसली. मोज्यांच्या घड्या अशा सोडवताना मी कुणाला पाहिलेलं नाही. एकेक जोडी, जणू काही कुणाची समजूत काढतेय.

या वेळी मात्र तिने बॅग अशी लावली की बघत राहावं. मोज्यांच्या गुंडाळ्या, त्या बुटांच्या पोटात. ओले पुसणे, म्हणजे ते पाकिटातून ओढून काढायचे ओले कागदी रुमाल. न्हाणीघरात घालायच्या रबरी स्लीपर. कपाळाला बांधायचा दिवा, त्याला लाल उजेड. पायाला लावायची पावडर, कानात घालायची बोंडं, कपडे वाळत घालायला दोरी, उन्हाचं मलम, पातळसा टॉवेल, पावसाचा कोट, वेगवेगळ्या भोकांत बसणारा विजेचा प्लग. सगळं पारदर्शक पिशव्यांत, हवा काढून चपटं केलेलं. वर नंबरचं कुलूप.

"इतके मोजे कशाला गं?" मी विचारलं.

"आजी, सैनिक पोटावर चालतो म्हणतात ना, ते खोटं आहे. तो पायावर चालतो. पाय ओले राहिले की संपला."

"आणि हे ओले कागद?"

"पाणी नसेल तेव्हाची अंघोळ."

मग तिने मला कुलपाचा नंबर कानात सांगितला. "फक्त तुला सांगतेय. अगदी आग लागली तरच उघडायचं."

"आग लागली तर बॅग उघडून काय करू, शेकत बसू?"

"आजी!"

निघायच्या आधी तिला छावणीवर राहायचं होतं. लसी, तपासण्या, आणखी काय काय. बॅग आम्ही निघायच्या दिवशी घेऊन जायची होती. "वजन बरोब्बर काठावर आहे," ती दारातून म्हणाली. "हात लावू नका. नुसती उचला आणि आणा."

हात लावू नका! ज्या घरात गॅसवर ठेवलेलं दूध चारजण हलवतात आणि तरी ते उतू जातं, त्या घराला सांगतेय हात लावू नका.

सुरुवात केली मेजरसाहेबांनी. आमच्या शेजारी राहतात. ते सैन्यात होते हे खरं, पण बँडमध्ये. झांजा वाजवायचे. मेजर त्यांना आम्ही मजल्यावरच्या लोकांनी केलं, आणि त्यांनी ती बढती नाही म्हटली नाही. परदेशाचा त्यांचा अनुभव म्हणजे एकदा बोटीत बसून पलीकडच्या काठावर एका लग्नात झांजा वाजवून आले, आणि येताना बोट लागली. पण सल्ला देताना माणूस असा छाती काढून बसतो की वाटावं, अर्धं जग यांनीच जिंकून परत केलंय.

"वहिनी," ते म्हणाले, "सैनिकाचं खरं शस्त्र कुठलं, सांगा."

"झांजा?"

"घडीचं स्टूल! तीन दिवस तीन रात्री उभं राहायची वेळ येते. बसायला मिळालं तो जगला."

आमचे जावईबापू तिथेच होते. माझी लेक शहाणी, ती या भानगडीत पडत नाही, नवऱ्याला पाठवून देते. जावईबापू एकदा कंपनीतर्फे परदेशी बैठकीला जाऊन आलेत. बैठक हॉटेलात होती, राहणं हॉटेलात होतं, जेवण हॉटेलात होतं. तेव्हापासून 'बाहेर' हा शब्द उच्चारताना ते डोळे मिटतात. "आई, बाहेरचं पाणी," ते डोळे मिटून म्हणाले, "बाहेरचं पाणी म्हणजे विष. पाणी गाळायचं यंत्र हवंच."

"पण कुठल्या बाहेरचं?" माझा मुलगा म्हणाला. हा मुंगीचा बाप, पाण्याच्या मीटरच्या कचेरीत आहे, त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की त्याला अधिकार वाटतो. "देश कुठला ते तरी कळू दे."

इथे खरी मेख होती. मुंगी देशाचं नाव सांगेना. सांगायची परवानगी नव्हती. खाली इस्त्रीवाल्याला नाव माहीत होतं, त्याच्या भावाला राजधानी माहीत होती. मात्र ते दोन वेगळे देश निघाले.

मग आम्ही चौकशीला गेलो. छावणीच्या फाटकाजवळ 'कुटुंब साहाय्य कक्ष' म्हणून एक खोली आहे. तिथे एक खिडकी, खिडकीत एक कारकून, आणि कारकुनाच्या चेहऱ्यावर अशी शांतता की आपण साहाय्य मागायला आलो याचीच लाज वाटावी.

"देशाचं नाव गुप्त आहे," तो म्हणाला.

"नाव नको हो. तिकडे थंडी असते की ऊन, एवढंच सांगा."

"हवामानही गुप्त आहे."

"मग स्वेटर द्यायचा की नाही?" सूनबाईने विचारलं.  एकुलती एक लेक परदेशी निघालेली, आईचा जीव.

"स्वेटरबद्दल बोलायचा मला अधिकार नाही."

"कुणाला आहे?"

"वस्त्र विभाग. तिकडे जायला इथलं पत्र लागतं."

"मग द्या पत्र."

"पत्रात देशाचं नाव घालावं लागतं," तो म्हणाला, "आणि ते गुप्त आहे."

मी खिडकीत डोकं घातलं. म्हटलं, "बाळ, तुला आई आहे का?" तो म्हणाला, "ती माहितीही इथे मिळत नाही." आणि त्याने खिडकी लावून घेतली. माझं डोकं आत असताना. या वयात एका कारकुनाच्या टेबलावरच्या टाचण्या नाकाने मोजायची पाळी आली, वर मागच्या रांगेतली बाई म्हणते, "आजी, आत घुसू नका, रांगेत या."

परत येताना बसमध्ये प्रत्येकाने आपापला देश ठरवून टाकला. सूनबाईच्या देशात बर्फ पडत होतं. मुलाच्या देशात बाराही महिने पाऊस. जावईबापूंच्या देशात वाळवंट आणि विषारी पाणी, मेजरसाहेबांच्यात उभं राहायला जंगल. आणि यादीत ऊन, पाऊस, ओलं, कोरडं सगळ्याची सोय छापलेली होती, ती यादी आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली फडफडत होती. डोळे असते तर दिसली असती.

आता आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा. घर आहे आगपेटीएवढं. तेव्हा मी लग्न होऊन आल्या आल्या कायदा केला की कपाटात एक वस्तू आत गेली तर एक बाहेर आली पाहिजे. नवी चादर आत, जुनी चादर बाहेर. त्यावर आमचा संसार टिकला. आमच्या ह्यांनी एकदा मासिक आत ठेवलं आणि बदल्यात काय काढावं सुचेना, तर ते स्वतःच जिन्यात जाऊन बसले. शिस्त म्हणजे शिस्त. आता ही शिस्त सगळ्यांच्या रक्तात उतरली आहे, हा माझा अभिमान. तोच नडला.

कुलपाचा नंबर मी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितला नाही. सूनबाई सोडून. ती बिचारी स्वेटर छातीशी धरून बॅगेभोवती घिरट्या घालत होती, कुणाला दगडाचं काळीज असेल तर त्याने बघावं. "शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस," मी म्हटलं. तिने माझी शपथ घेतली. मग तिने नवऱ्याला सांगितला, त्याच्याकडून शपथ घेऊन. त्याने जावईबापूंना सांगितला, जावईबापूंनी जिन्यात मेजरसाहेबांना. शपथा इतक्या झाल्या होत्या की मी अजून जिवंत आहे हेच नवल.

सूनबाईने जाड स्वेटर आत घातला. नियमाप्रमाणे एक बाहेर काढायचं, म्हणून पावसाचा कोट काढला. बर्फात पाऊस कशाला येईल!

मुलाने दुपारी सगळे झोपलेत असं समजून आपली हत्यारांची पेटी आत घातली. पाने, पकड, स्क्रू आवळायचे सतरा प्रकार. वायरलेसवाल्या पोरीला सैन्य पकडसुद्धा देणार नाही अशी त्याची खात्री. बाहेर काढल्या स्लीपर, दोरी आणि प्लग. "तिकडे काय अनवाणी न्हातात का?" हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की आमच्या न्हाणीघरात नव्या कोऱ्या स्लीपर अवतरल्या आहेत. मी म्हटलं, चला, मुलाला आईची आठवण झाली. घातल्या पायात.

जावईबापूंनी पाणी गाळायचं यंत्र घातलं. माठाएवढं. त्यासाठी बुटांच्या पोटातले सगळे मोजे काढले, कारण "मोजे सैन्य देतं, आई, बाहेरच्या सगळ्या सैन्यांत देतात." वर स्वतः एक जोडी घालून बघितली आणि म्हणाले, "दर्जा चांगला आहे."

मेजरसाहेबांनी घडीचं स्टूल आणून ठेवलं आणि ओले पुसणे, पावडर आणि कपाळाचा दिवा काढला. सैनिकाला अंधारात दिसलंच पाहिजे, दिवा म्हणजे भ्याडपणा. ओल्या पुसण्यांनी त्यांनी आपल्या झांजा पुसल्या. दोन दिवस त्यांच्या घरातून तान्ह्या बाळाचा वास येत होता.

आणि मी? मी काय करणार! मी आपली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली, तिला मी स्वतः विणलेलं कव्हर आहे. बदल्यात तो पातळ टॉवेल काढला. टॉवेल कसला, त्याने चष्म्याची एक काच पुसली तर दुसरीला पुरला नसता. हे घरच्यांच्या मूर्खपणात मोजायचं नाही; ती सुधारणा होती.

गंमत अशी की रोज संध्याकाळी आमचे चिरंजीव बॅगेचं वजन करत. त्यांचं शास्त्र असं, की आधी स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. पहिला आकडा ते पोटाने झाकतात. पण उत्तर रोज तेच यायचं. बरोब्बर काठावर. कारण प्रत्येकाने, माझ्या संस्काराने, जेवढं घातलं तेवढंच काढलं होतं. "बघा," मुलगा म्हणायचा, "कुणी हात लावलेला नाही." आणि आम्ही सगळे एकमेकांकडे अशा निरागस डोळ्यांनी बघायचो की एखाद्या न्यायाधीशाने आम्हाला दत्तक घेतलं असतं.

निघायच्या दिवशी आम्ही पाचजण बॅग घेऊन छावणीवर गेलो. मोठा पत्र्याचा हॉल, एका बाजूला घरचे लोक, दुसऱ्या बाजूला सैनिक ओळीत, बाहेर गाड्या सुरू करून ठेवलेल्या. मुंगी ओळीत उभी होती. आम्हाला बघून हसली नाही, पण भुवई हलली. ते आमच्यात हसणंच धरतात. ओळीच्या शेवटी, जरा लांब, एक उंच मुलगा बॅग पायाशी ठेवून उभा होता. तो राखीव. फार शहाण्यासारखा उभा होता. मला तो अजिबात आवडला नाही.

सार्जंट आला. माणूस कसला, फाटकाचा खांब. हातात तीच छापील यादी. एकेकाची बॅग उघडायची, तो नाव घेणार, सैनिकाने वस्तू वर धरायची. मुंगीची पाळी आली. काट्यावर बॅग ठेवली, वजन बरोब्बर. मुलाने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

"मोजे," सार्जंट म्हणाला.

मुंगीने न बघता बुटांच्या जागी हात घातला आणि स्टूल वर काढलं. तिच्या हातात ते आपोआप उघडलं. चांगली स्प्रिंग होती.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

"टॉवेल."

विणलेल्या कव्हरातली रबरी पिशवी.

"पावसाचा कोट."

स्वेटर, त्यावर सूनबाईने ससा विणला होता.

"दिवा."

पाने, पकड, स्क्रूंचे सतरा प्रकार, खळखळ सगळे सार्जंटच्या बुटांवर.

"सैनिक," सार्जंट म्हणाला, "हे काय आहे?"

आतून शेवटी पाण्याचं यंत्र निघालं होतं. मुंगी ते दोन्ही हातांत धरून उभी. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती समोर भिंतीकडे बघत राहिली आणि तिचे कान लाल होत गेले, आणि मला ते मोजे सोडवतानाचे तिचे हात आठवले.

"घरचं सामान आहे, सर," ती म्हणाली.

"ते दिसतंय. गाड्या सुटायच्या आत यादी पूर्ण करा. नाहीतर तुमच्या जागी राखीव."

त्या उंच मुलाने बॅगेचा पट्टा हातात घेतला. नुसता घेतला हो, पण घेतला!

आमच्याकडे सूनबाई रडायला लागली. मुलगा म्हणाला, "मी आधीच म्हणत होतो." हे वाक्य तो जन्मल्यापासून म्हणतो, आधी काय म्हणत होता ते कुणालाच आठवत नाही. जावईबापू म्हणाले, "बाहेर असं उघड्यावर बॅगा तपासत नाहीत." मेजरसाहेब स्टोअरच्या खिडकीकडे धावले, त्यांची ओळख आहे म्हणून. स्टोअरवाला म्हणाला, मोजे आहेत, भरपूर आहेत, पण द्यायला साहेबांची सही लागते, आणि साहेब मागच्या तुकडीबरोबर मोहिमेवर गेलेत. मेजरसाहेबांनी ओळख सांगितली. स्टोअरवाल्याने विचारलं, "झांजावाले ना?" मेजरसाहेब परत आले.

मी बघितलं, या लोकांच्या अकलेवर विसंबले तर पोरगी पुन्हा बसने घरी येणार. मी उठले, सार्जंटला म्हटलं, "बाजूला व्हा," आणि सगळं सामान उचलून घरच्यांच्या बाजूला आणलं. घडीचं स्टूल मधोमध उघडलं, त्यावर बसले. आजूबाजूला पन्नास घरं, प्रत्येकाच्या हातात पिशवी. आणि पिशव्या घेऊन निरोप द्यायला आलेल्या माणसांत काय नसतं!

"या, या!" मी आवाज दिला. "लढाईतून परत आलेल्या वस्तू आहेत. हा पाना बघितलात? याने माझ्या सासऱ्यांनी एक रणगाडा उघडला होता. आतून. शत्रूचे सैनिक आत अडकले होते, सासऱ्यांनी झाकण उघडून दिलं, ते इतके खूश झाले की युद्धच बंद केलं. कुणाकडे टॉवेल आहे?"

एका पोहायच्या तलावावरच्या मास्तरांकडे टॉवेल होता. रणगाडा ऐकून त्यांनी तो दिला आणि पाना घेतला.

"हे यंत्र. यात गढूळ पाणी घाला, स्वच्छ येतं. गढूळ माणसाचे बोललेले शब्द घातले तर तेही. आमच्या जावयांवर करून पाहिलंय, काहीच बाहेर आलं नाही. कोण घेतं? ओले पुसणे हवेत!"

कडेवर बाळ घेतलेल्या एका बाईने आख्खं पाकीट दिलं. "आजी, यंत्र नको," ती म्हणाली, "पण सासूबाईंवर चालेल का, सांगा." तिची सासू तिच्या शेजारीच होती. तिनेच यंत्र घेतलं.

रबरी पिशवीच्या बदल्यात मी पावसाचा कोट मागितला. म्हटलं, ही पिशवी एका रात्री छातीवर ठेवून आमचे हे झोपले, सकाळी उठून बघतात तर दात परत आलेले. कोटवाले आजोबा लगेच तोंडाला हात लावून विचारात पडले. दिवा मिळाला एका मीटर वाचणाऱ्याकडून. त्याने माझ्या मुलाला ओळखलं, त्याच्या कचेरीची दया आली म्हणून फुकट दिला. पावडर, दोरी, प्लग, सगळं जमत गेलं. सशाच्या स्वेटरला तर झुंबड उडाली, पण सूनबाईने सोडला नाही. राहू दिला मी. सगळ्यालाच नियम लावायचा नसतो.

राहिले मोजे आणि स्लीपर.

"काढा," मी आमच्या पुरुषांना म्हटलं.

"काय?"

"पायातले."

"आई, भर हॉलमध्ये?" जावईबापू म्हणाले.

"बाहेर चालतं असं, डोळे मिटा आणि काढा."

जावईबापूंच्या पायात काय असावं? मुंगीचेच मोजे! दर्जा आवडला होता ना. शिवाय खिशात आणखी दोन गुंडाळ्या, ऑफिसात घालायला म्हणून. मुलाने काढले, मेजरसाहेबांनी काढले, ते पाहून घरच्यांत उभ्या असलेल्या त्या राखीव मुलाच्या बापाला लाज वाटली आणि त्यानेही आपले काढून दिले. चांगला माणूस. तो उंच मुलगाही मग मला तितकासा वाईट दिसेना.

सार्जंट बाजूला उभा राहून बघत होता. मोज्यांची गुंडाळी त्याने दोन बोटांत धरून वर केली. "वापरलेले आहेत."

"यादीत 'मोजे' लिहिलंय," मी म्हटलं. "'न वापरलेले' कुठे लिहिलंय, दाखवा. छापील आहे, मला चष्म्याशिवाय दिसतं."

त्याने यादी वाचली. खरंच पूर्ण वाचली. मग खूण केली. "स्लीपर?"

कुणाकडेच नव्हत्या. एका बाईने उंच टाचांच्या चपला पुढे केल्या, सार्जंटने नुसतं पाहिलं. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. आणि मुंगी आमच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"आजी," ती म्हणाली, "तुझ्या पायात माझ्या स्लीपर आहेत."

सगळा हॉल माझ्या पायांकडे बघायला लागला. निळ्या, रबरी, अंगठ्यापाशी तिने घातलेली खूण. मी म्हटलं, "मग! हरवू नयेत म्हणून घालून आणल्या." आणि काढून दिल्या. माझ्या घरचे नंतर सांगत सुटले की आजी ओशाळली. ओशाळायला मी काय मीटरच्या कचेरीत आहे?

मुंगीने भराभर बॅग लावली. हात असे चालत होते, हवा काढ, चपटं कर, गुंडाळी बुटाच्या पोटात. सार्जंटने यादी वरून खाली तपासली. मग बॅग काट्यावर ठेवली.

काटा काठाच्या जरा अलीकडे थांबला; मोज्यांच्या गुंडाळ्या पहिल्याइतक्या कुठे होत्या!

"अजून वजन शिल्लक आहे," सार्जंट म्हणाला. त्याचा आवाज जरा मऊ झाला होता, बहुतेक मोज्यांच्या वासाने. "घरचं काही द्यायचं असेल तर द्या. थोडी जागा आहे."

आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घराला अधिकृत परवानगी मिळाली होती. सूनबाई ससा घेऊन पुढे झाली. मुलाने खिसे चाचपले. जावईबापूंनी गळ्यातली फुगवायची उशी सोडवायला घेतली. मेजरसाहेब माझ्याखालच्या स्टुलाकडे बघत होते.

मुंगीने बॅगेवर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "राहू दे रिकामी. येताना लागेल."

 सूनबाईने स्वेटर परत छातीशी धरला आणि मान हलवली, दोनदा, तीनदा, हलवतच राहिली. मुंगीने बॅग एका झटक्यात खांद्यावर घेतली, भुवई हलवली, आणि गाडीत चढली. राखीव मुलाने पट्टा सोडला आणि तिला सलाम केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पावडर उडाली होती.

मग आम्ही फाटकाबाहेर पडलो. मी अनवाणी, तीन पुरुष बिनमोज्यांचे, नव्या बुटांनी लंगडणारे. बसथांबा लांब, डांबर तापलेलं. थोडं चालल्यावर जावईबापूंनी डोळे मिटले.

"आई," ते म्हणाले, "पुढच्या वेळी ती जाईल तेव्हा, मी म्हणतो, बाहेरच्या पद्धतीने आधी एक बैठक..."

"जावईबापू," मी म्हटलं, "तोंड मिटा, डोळे उघडा, आणि पाय उचला. आधी ती परत येतेय."